स्टेशन चौदा, बोल्ट सहावा

हिंगण्याच्या शेडमध्ये माझ्या डोक्यावर
बॅलन्सरला लोंबकळते ती,
जाड पिवळ्या वायरची, चार किलोची.
शेजारच्या स्टेशनला बॅटरीवाल्या आल्या मागच्या दिवाळीत.
पोट्टे मिरवतात त्या, नवा मोबाइल घेतल्यासारखे,
आणि चहाच्या आधीच एकेकीची मान पडते.
हिचं तसं नाही.
हिचं दावं भिंतीवरच्या कंट्रोलरला बांधलेलं,
आणि माझंही, साडेआठ तास.

ट्रिगर दाबला की आधी सुसाट पळते.
बोल्टचं डोकं टेकलं की दबकते,
परक्या उंबऱ्याशी मांजर दबकते तशी.
मग शेवटचे तीस अंश, सावकाश,
आणि मनगटात एक झटका.
हिरवा.
पुढचा.
हिरवा.
एका ट्रॅक्टरला आठ बोल्ट, शिफ्टला सत्तर ट्रॅक्टर.
गुणाकार मी करत नाही,
भिंतीवरचा करतो.

टेंभुर्णे काका इथे होते तेव्हा हाताचा पाना होता.
कट्ट वाजलं की झालं.
मग ते खडूने बोल्टवर आडवी रेघ ओढत.
म्हणायचे, बाई, लोखंड कुरकुरते, ऐकून घेत जा.
जास्त आवळलं तर ते रुसत नाही,
बोलतच नाही मग. तुटते.
रिटायर झाले त्या दिवशी खडूचा उरलेला तुकडा
माझ्या तळहातावर ठेवून गेले,
प्रसाद द्यावा तसा.
कंट्रोलरला खडू लागत नाही.

मे महिन्यात पत्रा सेहेचाळीस अंशांत वाजतो,
तेव्हा ही सुद्धा तापते, लाल लावून बसते.
स्क्रीनवर येतं : मोटर गरम, थांबा.
माझ्या कपाळावर असं काही येत नाही.

परवा देवरीहून एक ट्रॅक्टर परत आला.
मागच्या एक्सलला तेलाचा ओघळ, सहावा बोल्ट मानेत तुटलेला.
क्वालिटीच्या रुचिता भोंगाडे लॅपटॉप घेऊन आल्या,
नंबर टाकला, आणि निघालं सगळं.
चार वर्षांमागची अकरा फेब्रुवारी.
पहाटे तीन बावन्न.
ऑपरेटर बावीस एक्क्याण्णव.
म्हणजे मी.

सहाव्याची रेघ अर्धी चढून खाली कोसळलेली.
'इथे ट्रिगर सुटला ताई तुमचा. लाल.
नऊ सेकंदांनी परत घेतला. हिरवा.
काय झालं होतं?'

काय झालं होतं?
शिंक आली असेल. कोणी हाक मारली असेल.
त्या थंडीत आरोहीला दाढा येत होत्या,
दिवसा झोप नव्हती, उभ्या उभ्या डोळा लागला असेल.
किंवा नवऱ्याशी भांडून आले असेन,
आणि ऐन शेवटच्या अंशांत
त्याला द्यायचं उत्तर सुचलं असेल.
आठवत नाही.
माझ्या आयुष्यातले नऊ सेकंद
त्या डब्याजवळ आहेत, माझ्याजवळ नाहीत.
आणि त्याला सुद्धा एवढंच माहीत
की बोट नव्हतं.

दोन दिवसांनी कळलं, बोल्टचा लॉटच कच्चा होता.
'तुमचं काही नाही ताई, तुमचा रेकॉर्ड क्लीन आहे.'
मी बरं म्हटलं.
सुटले, तरी काहीतरी हुकल्यासारखं झालं.
आणखी दोन रेघा दाखवा म्हणावंसं वाटत होतं,
त्याच रात्रीच्या, चारनंतरच्या.
लॅपटॉप मिटला होता.

वानाडोंगरीला घरी आले तर कुकरचा दांडा हलत होता.
पेचकसाने स्क्रू आवळला, कुरकुरेपर्यंत,
थांबले,
आणि नकळत वर भिंतीकडे पाहिलं.
तिथे कॅलेंडर, आणि ट्यूबलाइटमागे पाल.
कोणी काही सांगेना.

डब्याच्या पिशवीच्या तळाशी तो तुकडा होता.
काळ्या दांड्यावर रेघ ओढली, आडवी.
'हे काय गं आई?' आरोही म्हणाली.
खूण आहे, म्हटलं.
'कशाची?'
डाळ धुवायला घेतली मी.
रात्री भांडी घासताना ती तशी जाणारच होती.